कॅबिनेट उघडून पीसी अपग्रेड करता येतो, त्याचं श्रेय आयबीएमच्या या साहेबाला जातं

घरातला डेस्कटॉप अडखळायला लागला की ओळखीतला कुणीतरी हमखास सल्ला देतो. रॅम वाढव. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाक. गेम खेळायचे असतील तर ग्राफिक्स कार्ड बसव, पण आधी एसएमपीएस किती वॅटचा आहे ते बघून घे. मग एखाद्या रविवारी दुपारी कॅबिनेटचं झाकण निघतं, आतली धूळ फुंकून काढली जाते आणि दोन-चार स्क्रू फिरवून जुनं मशीन पुन्हा पळायला लागतं.

यात आता कुणाला विशेष काही वाटत नाही. पण जरा विचार करा. प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीचा, रॅम तिसऱ्या, ग्राफिक्स कार्ड चौथ्या. तरीही सगळं एकमेकांत बरोबर बसतं. एका कंपनीच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर काढून दुसऱ्या कंपनीचा असा सहज बसवता येत नाही. मोबाईलची रॅम वाढवायची म्हटली तर नवा मोबाईलच घ्यावा लागतो. मग डेस्कटॉपलाच ही सूट कुणी दिली?

ही गोष्ट सुरू होते १९८० साली, अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या बोका रॅटन या समुद्रकाठच्या गावात. आणि तिच्यातलं मुख्य नाव आहे डॉन एस्ट्रिज. स्टीव्ह जॉब्स आणि बिल गेट्स घराघरात पोचले, पण आयबीएम पीसीचे जनक म्हणून ओळखले जाणारे एस्ट्रिज मात्र कॉम्प्युटरवाल्यांच्या वर्तुळातच राहिले.

फिलिप डोनाल्ड एस्ट्रिज हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म २३ जून १९३७, गाव फ्लोरिडातलं जॅक्सनविल. वडील फोटोग्राफर. १९५९ साली युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडामधून इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडले आणि थेट आयबीएममध्ये लागले. सुरुवातीला लष्करी रडारशी जोडलेल्या कॉम्प्युटरवर काम केलं, मग नासाच्या गोडार्ड स्पेस फ्लाइट सेंटरसाठी. १९६९ मध्ये बदली होऊन ते बोका रॅटनला आले. तिथे सिरीज/१ नावाच्या मिनीकॉम्प्युटरच्या कामात होते. थोडक्यात, चाळिशी ओलांडलेला, मोठ्या कंपनीत वीस वर्षं काढलेला, बायको आणि चार मुली असलेला नोकरदार इंजिनिअर.

आता तेव्हाची आयबीएम कशी होती हे कळल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. आयबीएम म्हणजे खोलीभर पसरलेले मेनफ्रेम कॉम्प्युटर. गिऱ्हाईक म्हणजे बँका, सरकारी खाती, मोठे कारखाने. आत काही वाढवायचं असेल तर सूट घातलेला आयबीएमचा माणूस येणार, आयबीएमचाच भाग लावणार आणि आयबीएमचंच बिल देऊन जाणार. चिपपासून सॉफ्टवेअरपर्यंत शक्य ते सगळं कंपनी स्वतः बनवायची, आणि आतला कागद बाहेर जाऊ द्यायची नाही.

तिकडे १९७७ साली ॲपल टू बाजारात आला होता. त्याचं झाकण हाताने उघडायचं आणि आत आठ स्लॉट. हवं ते कार्ड आणा, खुपसा आणि चालवा. हे आठ स्लॉटसुद्धा भांडून मिळालेले. जॉब्स यांना दोनच पुरेसे वाटत होते, वॉझ्नियाक आठावर अडून बसले. एस्ट्रिज यांच्याकडे स्वतःचा ॲपल टू होता. आयबीएमचा पगार घेणाऱ्या माणसाने ही मोकळीक घरी वापरून बघितली होती, ही गोष्ट पुढे फार कामाला आली असणार.

१९८० च्या उन्हाळ्यात बोका रॅटनच्या केंद्राचे प्रमुख बिल लोव्ह यांनी आयबीएमच्या वरिष्ठांसमोर एक प्रस्ताव ठेवला. छोटा कॉम्प्युटर बनवायचा, तोही वर्षभरात. कंपनीच्या नेहमीच्या पद्धतीने गेलं तर इतक्या वेळात फक्त मिटिंगा झाल्या असत्या. म्हणून लोव्ह यांची अट होती की सुटे भाग आणि सॉफ्टवेअर बाहेरून विकत घेऊ द्या. त्यावेळचे प्रमुख फ्रँक केरी यांनी परवानगी दिली. डझनभर लोकांची टीम जमली, प्रोजेक्टला नाव पडलं चेस. थोड्याच महिन्यांत लोव्ह यांना बढती मिळाली, ते दुसरीकडे गेले आणि प्रोजेक्ट आला एस्ट्रिज यांच्या हातात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पीसीची रचना काही एकट्या एस्ट्रिज यांनी केली नाही. बाहेरचे भाग घ्यायची कल्पना लोव्ह यांची, मशीनचा आराखडा लुईस एगेब्रेख्ट यांचा, आणि मशीन अडकलं की आपण जे कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबतो ते याच टीममधल्या डेव्हिड ब्रॅडली यांचं. एस्ट्रिज यांचं काम वेगळं होतं आणि खरं तर जास्त अवघड होतं. न्यूयॉर्कजवळच्या मुख्यालयातून येणारे नियम, समित्या आणि शंका या टीमपर्यंत पोचू द्यायच्या नाहीत. सूट-टायच्या कंपनीत हा साहेब काऊबॉय बूट घालून वावरायचा आणि आपला फोन स्वतः उचलायचा. माणसं त्यांच्यासाठी जीव तोडून काम करायची.

मशीन जसं तयार होत गेलं, तशी आयबीएमची जुनी सवय एकेक करून मोडत गेली. प्रोसेसर घेतला इंटेलचा ८०८८, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची. प्रिंटर एप्सनचा. फ्लॉपी ड्राइव्ह टँडन कंपनीचे, म्हणजे अमेरिकेत गेलेल्या जुगी टँडन या भारतीय वंशाच्या उद्योजकाच्या कंपनीचे. आणि मदरबोर्डवर दिले पाच स्लॉट, प्रत्येकाला ६२ जोडण्या. स्क्रीन कुठली लावायची हे ठरवणारं कार्डसुद्धा यातल्याच एका स्लॉटमध्ये जायचं. म्हणजे सगळ्यात साधा पीसी घेतला तरी तो अर्धा रिकामाच असायचा. इंटेलच्या ८०८७ या गणिती चिपसाठीही बोर्डवर एक मोकळं सॉकेट ठेवलेलं होतं. पैसे आले की आणून बसवा.

मोकळे स्लॉट ॲपलनेही दिले होते. आयबीएमने त्यापुढे जाऊन जे केलं त्याने इतिहास बदलला. पीसीसोबत एक टेक्निकल रेफरन्स मॅन्युअल विकायला ठेवलं. त्यात बोर्डचे सर्किट डायग्राम, स्लॉटच्या कुठल्या जोडणीवर कुठला सिग्नल येतो याची यादी, आणि मशीन सुरू करणाऱ्या बायोस या मूळ प्रोग्रामची पूर्ण लिस्टिंग छापलेली. ज्या कंपनीत कपाटाला कुलूप आणि कुलपाला पहारा, त्या कंपनीने घराचा नकाशाच दुकानात ठेवल्यासारखं झालं.

हिशोब सरळ होता. वर्षभरात आयबीएम एकटी किती कार्डं बनवणार आणि किती सॉफ्टवेअर लिहिणार? दुसऱ्यांना माहिती दिली तर ते स्वतःच्या खर्चाने माल बनवतील, मालाची विविधता वाढेल आणि त्यापायी मूळ मशीन जास्त खपेल. एस्ट्रिज यांनी यातली जोखीम ओळखली नसेल असं वाटत नाही. त्यांनी ती घेतली.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलमध्ये आयबीएम पीसी जाहीर झाला. किंमत १,५६५ डॉलरपासून. या पैशांत मिळायची १६ केबी रॅम, आणि फ्लॉपी ड्राइव्हसुद्धा नाही. केबी बरं का, एमबी नाही. आज व्हॉट्सॲपवरचा गुड मॉर्निंगचा फोटोही यात मावणार नाही. आणि हा पीसी सीअर्स आणि कॉम्प्युटरलँडच्या दुकानांत विकायला ठेवला, तेही आयबीएमसाठी नवीनच.

तेव्हाचं अपग्रेड आजच्याइतकं सोपं नव्हतं. आता रॅमची पट्टी दाबली की दोन्ही बाजूंच्या क्लिपा खटकन लागतात. त्या पहिल्या पीसीत सुट्ट्या चिपा होत्या, एका रांगेत नऊ. आठ माहितीसाठी आणि नववी चूक पकडायला. एकेक चिप हाताने सॉकेटमध्ये दाबायची, एखादा पाय दुमडला की झालं. मदरबोर्डवर ६४ केबीपर्यंत जागा, त्यापुढची रॅम कार्डावर. आणि सगळं बसवल्यावर बोर्डवरचे बारीक स्विच वर-खाली करून मशीनला सांगायचं की बाबा, तुझी रॅम आता इतकी झाली. नाही सांगितलं तर त्याला पत्ताच लागत नसे.

हार्ड डिस्क बसवणाऱ्यांची तर वेगळीच फजिती. पहिल्या पीसीचा पॉवर सप्लाय होता ६३.५ वॅटचा. हार्ड डिस्कचा भार त्याला जड जायचा. शिवाय सुरुवातीच्या बायोसला अशा कार्डावरचा प्रोग्राम ओळखताच येत नव्हता, त्यासाठी ऑक्टोबर १९८२ ची नवी बायोस चिप लागायची. म्हणजे कार्ड आणलं पण एसएमपीएस पुरत नाही, नवा प्रोसेसर आणला पण बायोस अपडेट केल्याशिवाय बोर्ड तो घेत नाही, ही आजची डोकेदुखी पहिल्या पीसीइतकीच जुनी आहे. एस्ट्रिज यांच्या टीमने मार्च १९८३ मध्ये एक्सटी हे पुढचं मॉडेल आणलं तेव्हा दोन्ही दुरुस्त्या केल्या. १३० वॅटचा पॉवर सप्लाय, आतच १० एमबीची हार्ड डिस्क, आणि स्लॉट पाचाचे आठ.

आठ स्लॉट बसवण्यासाठी ते जरा जवळ आणले गेले. दोन स्लॉटमधलं अंतर ठरलं ०.८ इंच. हा आकडा लक्षात ठेवा.

नकाशा उघड केल्याचा परिणाम काही महिन्यांत दिसायला लागला. छोट्या छोट्या कंपन्या कार्डं काढू लागल्या. एएसटी नावाच्या कंपनीच्या एकाच कार्डावर जादा रॅम, घड्याळ, प्रिंटरचा पोर्ट असं सगळं मिळायचं, म्हणजे एका स्लॉटमध्ये चार कामं. पण सगळ्यात भारी किस्सा हर्क्युलिसचा. वान सुवन्नुकुल नावाच्या थायलंडच्या विद्यार्थ्याला आपला पीएचडीचा प्रबंध आयबीएम पीसीवर थाई भाषेत लिहायचा होता. आयबीएमच्या मोनोक्रोम कार्डावर ठरलेली अक्षरंच दिसायची, थाई लिपी दिसणं शक्य नव्हतं. त्याने १९८२ मध्ये स्वतःच ग्राफिक्स कार्ड बनवलं. तेच पुढे हर्क्युलिस ग्राफिक्स कार्ड म्हणून जगभर खपलं. आयबीएमच्या कुठल्या समितीने थाई लिपीसाठी कार्ड मंजूर केलं असतं?

पण नकाशा उघडला की शेजारीही तसंच घर बांधतो. कॉम्पॅक या नव्या कंपनीने नोव्हेंबर १९८२ मध्ये आयबीएमसारखाच, उचलून नेता येणारा पीसी जाहीर केला. बाकीचे भाग बाजारात मिळतच होते. आयबीएमच्या हातात कायद्याने उरलं होतं ते बायोस, कारण छापलेला असला तरी त्यावर कॉपीराइट होता. कॉम्पॅकने दोन गट केले. एकाने बायोस काय काय करतो ते लिहून काढलं. दुसऱ्याने मूळ प्रोग्रामकडे ढुंकूनही न बघता त्या वर्णनावरून नवा लिहिला. नक्कल झाली आणि कायदाही मोडला नाही. कॉम्पॅकने पहिल्याच वर्षी ११ कोटी १० लाख डॉलरचा धंदा केला.

आयबीएमसाठी हा दुरून येणारा भूकंप होता, पण १९८३ मध्ये तरी एस्ट्रिज हिरो होते. टाइम मासिकाने जानेवारीत मॅन ऑफ द इयरऐवजी कॉम्प्युटरलाच मशीन ऑफ द इयर ठरवलं होतं. डझनभर लोकांची टीम वाढून आयबीएमचा स्वतंत्र विभाग झाली, एस्ट्रिज त्याचे अध्यक्ष. याच काळात स्टीव्ह जॉब्स यांनी त्यांना ॲपलमध्ये यायची ऑफर दिली. वर्षाला १० लाख डॉलर पगार, वर १० लाख सही करण्यासाठी आणि घर घ्यायला २० लाख. एस्ट्रिज यांनी नकार दिला. गंमत बघा, त्याच वेळी जॉब्स मॅकिन्टॉश बनवत होते. १९८४ मध्ये तो आला तेव्हा त्यात एकही स्लॉट नव्हता, रॅम बोर्डवर कायमची पक्की केलेली आणि झाकण गिऱ्हाईकाने उघडूच नये असं बसवलेलं. एस्ट्रिज ॲपलमध्ये गेले असते तर ही दोन डोकी एका खोलीत किती दिवस टिकली असती, हा प्रश्नच आहे.

ऑगस्ट १९८४ मध्ये एटी आला, ८०२८६ प्रोसेसर आणि जास्त रुंद स्लॉट घेऊन. जुनी कार्डंही बहुतेक चालायची. गिऱ्हाईकाने आधी घेतलेलं कार्ड फुकट जाऊ नये, हा पीसीचा अलिखित नियम इथे पक्का झाला.

सगळंच मात्र सोन्याचं होत नव्हतं. घरगुती वापरासाठी काढलेला पीसीज्युनियर साफ आपटला. तो मुद्दाम हात आखडून बनवला होता, मोठ्या पीसीचा धंदा खाऊ नये म्हणून. कीबोर्ड खेळण्यासारखा, आणि काही वाढवायचं तर डब्याच्या कडेला आणखी डबे चिकटवायचे. ज्या माणसाचं यश मोकळ्या स्लॉटवर उभं होतं, त्याच्याच विभागाने हे करावं हे आजही पटत नाही. मार्च १९८५ मध्ये पीसीज्युनियर बंद झाला. त्याच महिन्यात एस्ट्रिज यांना पीसी विभागातून हलवून उत्पादन खात्याचे उपाध्यक्ष केलं गेलं. कागदावर मोठं पद, पण पीसी हातातून गेला. त्यांच्या जागी आले तेच बिल लोव्ह. तोवर विभागात जवळपास १० हजार लोक होते आणि १० लाखांवर पीसी विकले गेले होते.

२ ऑगस्ट १९८५. एस्ट्रिज आणि त्यांची पत्नी मेरी ॲन फोर्ट लॉडरडेलहून डेल्टा एअरलाइन्सच्या १९१ क्रमांकाच्या विमानात बसले. डॅलसच्या विमानतळावर उतरताना विमान वादळी ढगाखाली सापडलं. ढगातून जमिनीकडे अचानक कोसळणाऱ्या वाऱ्याने, ज्याला मायक्रोबर्स्ट म्हणतात, विमान धावपट्टीच्या आधीच खाली आपटलं. १३७ जणांचा जीव गेला. त्यात हे दोघे होते. विमानात आयबीएमचे इतरही लोक होते. एस्ट्रिज ४८ वर्षांचे होते, मागे चार मुली. याच अपघातानंतर अमेरिकेत प्रवासी विमानांना वाऱ्याचा असा झोत आधीच ओळखणारी यंत्रणा बसवणं बंधनकारक झालं.

त्यांच्या मागे आयबीएमने दार लावून घ्यायचा प्रयत्न केला. एप्रिल १९८७ मध्ये पीएस/२ ही नवी मालिका आली, नवा मायक्रो चॅनल स्लॉट घेऊन. तंत्र चांगलं होतं, पण जुनं एकही कार्ड त्यात बसत नव्हतं, आणि तसे स्लॉट वापरायचे तर आयबीएमला पैसे मोजायचे. लोकांनी ऐकलं नाही. १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी जुनी कार्डं चालतील असा स्वतःचा स्लॉट जाहीर केला. आयबीएमच्या हातातून आयबीएम पीसी निसटला तो कायमचा. २००५ मध्ये तिने हा धंदाच चीनच्या लेनोव्होला विकला.

आता आपल्याकडे या. १९७८ मध्ये, फेरा कायद्याच्या वादात, आयबीएमने भारत सोडला होता. पीसी आला तेव्हा कंपनी इथे नव्हतीच, ती परतली १९९२ मध्ये टाटांसोबत. तरीही मधल्या काळात इथे आयबीएमच्या धाटणीचेच पीसी पसरले, कारण ते बनवायला आयबीएमची गरजच उरली नव्हती. १९८४ च्या नव्या कॉम्प्युटर धोरणाने सुट्या भागांची आयात सोपी केली. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत बोर्ड एकाकडून, कॅबिनेट दुसऱ्याकडून घेऊन असेंबल्ड पीसी जुळवायचा जो धंदा वाढला, तो याच मोकळ्या रचनेवर.

आणि थाई विद्यार्थ्याने जे केलं तेच देवनागरीसाठीही झालं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं मोहन तांबे यांचं काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं आणि जिस्ट कार्ड तयार झालं. पीसीच्या रिकाम्या स्लॉटमध्ये हे कार्ड बसवलं की डॉसच्या काळ्या स्क्रीनवर मराठी उमटायची, तीही इंग्रजीसाठी बनवलेल्या प्रोग्राममध्ये. विंडोज आणि युनिकोडच्या आधीच्या काळात मराठीत पत्रं आणि याद्या टाइप करायला हे कार्ड कामी आलं.

आजच्या पीसीत १९८१ चा एकही स्लॉट नाही. इंटेलचा पीसीआय आला, मग पीसीआय एक्सप्रेस. वेग इतका वाढला की तुलना करण्यात अर्थ नाही. पण ग्राफिक्स कार्ड घेताना दुकानदार सांगतो ना, हे दोन स्लॉट जाडीचं आहे, हे तीन स्लॉट खाईल? त्यातल्या एका स्लॉटचं माप अजूनही ०.८ इंचच आहे, एक्सटीमध्ये ठरलेलं. जुन्या कॅबिनेटमध्ये डीव्हीडी ड्राइव्हसाठी असलेली रुंद जागा हीसुद्धा सव्वापाच इंची फ्लॉपीच्या ड्राइव्हचीच. लॅपटॉपमध्ये मात्र रॅम पुन्हा बोर्डवर पक्की व्हायला लागली आहे, त्यामुळे आठ जीबी घ्यायची की सोळा, हा निर्णय बऱ्याचदा दुकानातच कायमचा होऊन जातो.

बोका रॅटनमधून आयबीएम केव्हाच गेली. मुख्य आवारासमोरची तिची एक इमारत सरकारी शाळेला मिळाली. तिथे सहावी ते आठवीची मुलं शिकतात, आणि शाळेचं नाव आहे डॉन एस्ट्रिज हाय-टेक मिडल स्कूल.